रिप्ले झालं, पण पोचलं कुठं?

फायनल इयरला नेटवर्किंगचा प्रोजेक्ट घेतलाय? मग हा अनुभव तुम्हाला आज ना उद्या येणारच. वायरशार्कमध्ये ट्रॅफिक पकडलं, फाइल सेव्ह केली आणि 'टीसीपीरिप्ले' वापरून तीच फाइल पुन्हा नेटवर्कवर सोडली. स्क्रीन सांगतेय, सगळी पॅकेट्स गेली, एकही फेल नाही. समोरच्या मशीनवर मात्र शुकशुकाट! परवा डेमो आणि हातात काहीच नाही. अशा वेळी टूलला शिव्या घालत ते पुन्हा इन्स्टॉल करण्यात रात्र घालवू नका. 'गेलं' म्हणजे आपल्या नेटवर्क कार्डाच्या हवाली केलं, एवढंच. पुढे ते कुठे अडकलं, हे टप्प्याटप्प्याने शोधायचं.

आधी फाइलच बघा

बरेचसे घोळ कॅप्चर करतानाच झालेले असतात. लिनक्सवर 'एनी' इंटरफेसवरून कॅप्चर केलं असेल, तर फाइलमध्ये खरा इथरनेट हेडर नसतोच. 'टीसीपीरीराइट'ने तो बसवावा लागतो.

दुसरा घोळ चेकसमचा. ज्या मशीनवरून ट्रॅफिक निघालं तिथेच ते पकडलं, तर चेकसम बऱ्याचदा चुकीचा दिसतो. कारण तो भरायचं काम शेवटी कार्ड करतं. मूळ पॅकेट ठीक गेलं, पण फाइलमध्ये चुकीचा आकडा राहिला. रिप्ले केल्यावर समोरचं मशीन ते गुपचूप टाकून देतं. टीसीपीरीराइटला चेकसम दुरुस्त करायला सांगा, प्रश्न मिटला.

'मेसेज टू लाँग' असा एरर आला तर? इथरनेटची नेहमीची मर्यादा १५०० बाइट्सची. पण कार्ड आणि ड्रायव्हर छोटी पॅकेट्स एकत्र करून एकच गलेलठ्ठ पॅकेट दाखवतात. 'ईथटूल'ने हे ऑफलोडिंग बंद करा आणि पुन्हा कॅप्चर घ्या.

पत्ता बरोबर आहे ना?

फाइलमधल्या पॅकेटवर जुन्या मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस असतो. नवं मशीन म्हणतं, हे माझं नाही! गंमत म्हणजे वायरशार्कमध्ये ते तरीही दिसतं, कारण तो दुसऱ्यांच्या नावाची पॅकेट्सही बघतो. म्हणून आयपीबरोबर मॅकही बदला. तरीही प्रोग्रॅमला काही मिळत नसेल तर फायरवॉल तपासा. पॅकेट आधी कॅप्चर होतं आणि फायरवॉल त्याला नंतर अडवते, त्यामुळे 'दिसलं म्हणजे पोचलं' असं धरू नका.

मध्ये स्विच असेल तर आणखी एक चकवा. क्लायंट आणि सर्व्हर, दोघांचीही पॅकेट्स तुम्ही एकाच पोर्टमधून सोडताय. स्विचला वाटतं, दोघं याच बाजूला राहतात, मग पुढे कशाला पाठवू? यासाठी 'टीसीपीप्रेप'ने दोन बाजू वेगळ्या करा आणि दोन कार्डं वापरा. आणि त्याच मशीनवरच्या सर्व्हरला रिप्ले ऐकू जाईल अशी आशा ठेवू नका. पॅकेट थेट वायरवर जातं, घरात परत येत नाही.

टीसीपीची खरी गोम

सगळं नीट करूनही वेब सर्व्हर उत्तर देत नाही? तो देणारच नाही. फोनवरच्या जुन्या संभाषणातली एकाचीच बाजू रेकॉर्ड करून नव्या माणसाला ऐकवली तर काय होईल? तो काहीही बोलला तरी टेप आपलंच पुढे रेटणार. टीसीपीचंही तेच. सर्व्हर दर वेळी नवा सिक्वेन्स नंबर निवडतो, तुमच्या फाइलमध्ये मात्र जुन्याच नंबरला दिलेली पोच असते. दोघांचं जमतच नाही. टीसीपीरिप्ले मुळात बघ्यांसाठी आहे : घुसखोरी ओळखणारी यंत्रणा, स्विच, राउटर यांची परीक्षा घ्यायला. खऱ्या सर्व्हरशी बोलायचंच असेल, तर त्याच संचातलं 'टीसीपीलाइव्हप्ले' वापरून बघा.

हे मात्र पाळा

कॉलेजच्या चालू नेटवर्कवर रिप्ले नको. फाइलमधली जुनी एआरपी उत्तरं बाहेर पडली, तर दुसऱ्याच मशीनचे पत्ते बिघडतात आणि अख्ख्या लॅबचं इंटरनेट गटांगळ्या खातं. दोन लॅपटॉप, एक वेगळा स्विच किंवा व्हर्च्युअल मशीन्स पुरेत.

दुसरं, होस्टेलच्या वायफायवर मित्रांचं ट्रॅफिक पकडणं हा 'प्रोजेक्ट' नव्हे. कॅप्चर फाइलमध्ये कोण कुठल्या साइटवर गेलं, हे उघड दिसतं. एन्क्रिप्शन नसेल तर पासवर्डही. परवानगीशिवाय दुसऱ्याचा डेटा काढून घेतला तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फाइल गिटहबवर टाकण्याआधीही दोनदा विचार करा.

आता क्रम लक्षात ठेवा : पाठवणाऱ्याच्या कार्डावर बघा, मग घेणाऱ्याच्या कार्डावर, मग प्रोग्रॅममध्ये. पॅकेट शेवटचं जिथे दिसलं, त्याच्या पुढच्याच पायरीवर घोळ आहे. व्हायव्हात 'चाललं नाही' म्हणण्यापेक्षा 'इथे अडकलं आणि या कारणाने' असं सांगता आलं, तर गाइड नक्की ऐकून घेतील.