भागाकारातले हरवलेले शून्य

जुन्नर-आंबेगावच्या शिवारातला टोमॅटो नारायणगावच्या बाजारात क्रेटमधून येतो. एका क्रेटमध्ये 20 किलो माल धरला, तर 4,120 किलोसाठी किती क्रेट लागतील? पाचवीच्या वर्गात हे उदाहरण घालून पाहा. काही मुले 26 हे उत्तर काढतात. पाढे बरोबर, वजाबाकीही बरोबर. मग चुकते कुठे?

41 शतकांना 20 ने भागले की 2 शतके मिळतात, 1 शतक उरते. त्याची 10 दशके आणि वरची 2, अशी 12 दशके झाली. 12 ला 20 चा भाग जात नाही. मूल लगेच पुढचा 0 खाली घेते आणि 120 ला भागून 6 लिहिते. दशकाच्या जागी 0 लिहायचे राहून जाते. खरे उत्तर 206. म्हणजे 180 क्रेट हरवले!

जुन्नर तालुक्यातल्याच नाणेघाटात सुमारे 2,000 वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. त्या पद्धतीत दोनशेची आणि सहाची खूण एवढ्यावर भागते, शून्य लागत नाही. आपल्या पद्धतीत अंकाची किंमत जागेवरून ठरते, म्हणून रिकामी जागाही दाखवावी लागते.

आम्ही सुचवतो, की भागाकार मांडण्यापूर्वीच उत्तर किती अंकी येईल ते मुलांना विचारावे. 100 क्रेटमध्ये 2,000 किलो, 1,000 क्रेटमध्ये 20,000 किलो; तेव्हा उत्तर तीन अंकीच हवे. शेवटी 26 ला 20 ने गुणायला सांगावे. अवघे 520 किलो! बाकीचा माल कुठे गेला, हे मग मुलेच शोधू लागतील.