युरियाची गोणी आणि हवेचा हिशेब

पाऊस लागला की अक्कलकुव्यात युरियासाठी धावपळ सुरू होते. मोलगीकडच्या डोंगरातून उतरलेला आदिवासी शेतकरी एका गोणीसाठी दिवसाची मजुरी बुडवतो. आता त्यालाच सांगितले जाते की, या गोणीने पृथ्वी तापते. हे खोटे नाही. पण कोणाच्या गोण्यांनी किती तापते, हे विचारल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

आधी विज्ञान पाहू. 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते. मातीत युरियाचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पिकाने उचलून जे उरते त्यावर पाणी साचले, मातीतली हवा संपली, की दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढतात आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो. ढोबळमानाने नत्राचा शंभरावा भाग असा जातो; म्हणजे गोणीमागे सुमारे 325 ग्रॅम वायू. क्षुल्लक वाटेल. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट उष्णता अडवतो. एक गोणी म्हणजे जवळजवळ 89 किलो कार्बन डायऑक्साइड! (कारखान्यात युरिया बनवताना जळणारा नैसर्गिक वायू यात धरलेलाच नाही.)

सरकारी सवलत गोणीमागे आहे. ज्याच्याकडे पाणी आणि ऊस, त्याच्या रानात गोण्या अधिक, म्हणून सवलतही अधिक. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेल्या उतारावरच्या तुकड्यात ज्वारी पेरणाऱ्याला थोडी. भूमिहीनाला काहीच नाही. 1992 साली स्फुरद-पालाशाच्या किमतीवरचे नियंत्रण उठले, युरियाचे राहिले, आणि स्वस्त म्हणून युरियाच ओतला जाऊ लागला. तेव्हा कपातीची पहिली पाळी बागायतदाराची.

उपाय अवघड नाहीत. खत हप्त्याहप्त्याने, मुळाजवळ, मातीआड द्यावे. पाणी तुंबलेल्या रानात टाकू नये. 2015 पासून सक्तीचा झालेला कडुनिंबाचा लेप जिवाणूंचे काम मंदावतो. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. ज्वारीत तूर घेणे डोंगरात कोणी शिकवायला नको.

राहिला ‘शेणखताकडे परत चला’ हा उपदेश. शेण उचलणार कोण? हे काम गावाने कोणाच्या डोक्यावर ठेवले, ते या वाचकांना सांगायला नको. पाट्या वाहणाऱ्या बाईची मजुरी ज्या योजनेत धरलेली नाही, ती योजना मला मान्य नाही. शिवाय शेणखतातला नत्रही याच वाटेने हवेत जातो. एकरी किती गाड्या टाकायच्या, हे तिथेही मोजावेच लागते.