तुर्की अभिजात संगीत : ध्वनिमुद्रणांचे अंकीय जतन

ऑटोमन दरबारात, मेव्हलेवी दर्वेशांच्या मठांत व नागर बैठकींत वाढलेले हे मकामप्रधान संगीत मुख्यतः ‘मेश्क’ पद्धतीने, म्हणजे गुरुमुखातून ऐकून पाठ करण्याच्या परंपरेने टिकले. हांपार्सुम लिमोन्‌जियान (१७६८–१८३९) यांची स्वरलेखनपद्धती पुढे प्रचारात आली, तरी तीत रचनेचा सांगाडाच उतरतो. ‘तक्सीम’ हा आपल्याकडील आलापाशी काहीसा जुळणारा उत्स्फूर्त प्रकार लेखनात सहसा येतच नाही. तंबूरी जेमिल बे (१८७३–१९१६) यांचे तंबूर व केमेंचे या वाद्यांवरील तक्सीम आज ऐकावयास मिळतात, ते लाखेच्या तबकड्यांमुळे.

अशा १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सु. ३ मिनिटांचे वादन मावे. ती ठिसूळ असून प्रत्येक वेळी वाजविताना तिचे चर झिजतात. पुढील काळातील चुंबकीय फितींचे बंधकद्रव्य आर्द्रतेने विघटित होते. म्हणून ध्वनीचे अंकीकरण करतात. त्यासाठी सेकंदास किमान ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास २४ बिट हे प्रमाण आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेने शिफारस केलेले आहे.

खरी अडचण गतीची आहे. ‘७८ फेऱ्यांची तबकडी’ ही संज्ञा सैल असून प्रत्यक्ष मुद्रणगती कमीअधिक असे. तुर्की शास्त्रात पूर्णस्वराचे ९ ‘कोमा’ मानतात. सप्तकात ते ५३ भरतात. एक कोमा म्हणजे कंप्रतेत सु. १·३ टक्का फरक. साहजिकच मिनिटास ७८ ऐवजी ७९ फेरे दिले, की सर्व स्वर जवळजवळ एक कोमा चढतात. चूक सर्वत्र सारखी असल्यास स्वरांतरे अबाधित राहतात. पण पट्टी व लय बदलते आणि नेय (बासरीसारखे वाद्य) कोणत्या लांबीची होती, याविषयीचे अनुमान फसते. मुद्रणयंत्र मध्येच मंदावले असेल, तर अखेरचा न्यासस्वर आरंभाशी जुळत नाही व दोष उगाच वादकाच्या माथी येतो. उश्शाक मकामातील दुसरा स्वर लिखित स्थानाहून काहीसा उतरता घेतात; असे बारकावे या मुद्रणांवरूनच तपासावे लागतात.

खरखर काढून टाकण्याचा मोहही घातक ठरतो. गाळणी कडक लावली, की तिच्याबरोबर नखीचा आघात व नेयवादकाचा श्वासही जातो. यास्तव असंस्कारित प्रत मूळ मानून श्रवणाची प्रत वेगळी करतात. जुन्या नामपट्ट्यांवर बहुधा अरबी लिपीतील तुर्की मजकूर आढळतो. १९२८ च्या लिपिबदलानंतर शिकलेल्या पिढ्यांना तो वाचता येत नाही. त्यामुळे नामपट्टीचे छायाचित्र व लिप्यंतर, साचा-क्रमांक, वापरलेली सुई आणि ठरविलेली गती यांची नोंद अंकीय प्रतीसोबत ठेवावी लागते. तरच गतीविषयीचा निर्णय पुढील अभ्यासकाला पुन्हा तपासता येतो.