छत्तीस फोटोंचा परदेश

खामगावात राहून ‘फॉरेनला जाऊन आलो’ असे म्हणण्याची सोय १९७८ साली आम्हाला नेपाळने करून दिली. लंडन-पॅरिसला जायचे तर परकीय चलनाच्या परवानगीसाठी खेटे घालणे आले. नेपाळला, १९५० च्या कराराच्या कृपेने, पासपोर्ट नको की व्हिसा नको. चार मित्र, जिनिंगचा हंगाम संपल्याने मोकळी पडलेली एक जीप आणि ती चालवणारे ड्रायव्हरकाका. नागपूर, जबलपूर, बनारस, गोरखपूर करत आम्ही सोनौलीची सीमा ओलांडली.

त्या प्रवासाचे फोटो यंदा दिवाळीच्या साफसफाईत सापडले. आगफा क्लिक थ्री कॅमेरा, एका रोलवर बारा फोटो, असे तीन रोल. कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग अशा खुणा. त्यापलीकडे फारसे काही कळायची गरज नव्हती. फोटो मोजूनच काढायचे, त्यामुळे निसर्गसौंदर्य कमी आणि आम्हीच जास्त. शेजाऱ्यांच्या ऐंशी सालानंतरच्या लग्नाचे रंगीत फोटो आज लालसर पडले आहेत, आमचे मात्र शाबूत. रंगीत फोटोतली रंगद्रव्ये उडतात, कृष्णधवल फोटो हा मुळात चांदीच्या कणांचा असतो. चांदीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या खामगावकराला हे आणखी काय समजावून सांगायचे!

सोनौलीपासून पोखऱ्याकडे जाणारा सिद्धार्थ राजमार्ग भारताच्या मदतीने झालेला आणि पोखऱ्याहून पुढचा पृथ्वी राजमार्ग चीनने बांधलेला. बासष्टच्या युद्धाची आठवण असलेली आमची पिढी चिनी रस्त्यावरून सुमारे दोनशे किलोमीटर निमूट गेली. रस्ता चांगला होता हे कबूल करायला कोणी तयार नव्हते. परतताना त्रिभुवन राजपथ धरला. तो आपल्या लष्करी अभियंत्यांनी १९५० च्या दशकात बांधलेला, जवळजवळ अडीच हजार मीटरपर्यंत चढणारा. ड्रायव्हरकाकांना घाट म्हणजे बुलढाण्याचा राजूर घाट ठाऊक. पण स्टिअरिंगवरचा हात कधी थरथरला नाही.

काठमांडूत एका चित्रविचित्र रंगवलेल्या बसपुढे आम्ही ऐटीत उभे आहोत. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे तरुण पोरे तेव्हा अशा गाड्यांतून येत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता मिटला. दुसऱ्या फोटोत आम्ही माजू देवळाच्या नऊ पायऱ्यांवर बसलो आहोत. मागे एकीकडे काष्ठमंडप. काठमांडूला ज्याच्यावरून नाव पडले तो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात देऊळ आणि मंडप दोन्ही कोसळले, सुमारे नऊ हजार माणसे गेली. काष्ठमंडप लोकांनी पुन्हा उभा केला, २०२२ मध्ये तो खुला झाला. आमच्या फोटोत जुना आहे, थोडा वाकडा. क्षितिजही वाकडेच आहे, कारण कॅमेरा ड्रायव्हरकाकांच्या हाती होता.

आम्ही चौघे एकत्र दिसतो ते सगळे फोटो त्यांनीच काढलेले. दोनतीन ठिकाणी कोपऱ्यात त्यांचे बोटही आले आहे. ते स्वतः फक्त एका फोटोत आहेत. बॉनेटला टेकलेले, डोक्यावर नेपाळी टोपी, तोंडभर हसू. काका जाऊन आता वीस वर्षे झाली. त्यांच्या घरी लायसन्ससाठी काढलेल्या फोटोखेरीज त्यांचा दुसरा फोटो नाही, हे मला त्यांच्या मुलाकडून कळले.

निगेटिव्ह स्कॅन करून मोठा फोटो घेऊन मी खामगावजवळच्या त्यांच्या गावी गेलो. काकूंना आता कमी दिसते. त्यांनी तो उजेडात, दारापाशी नेला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

“एवढे हासत होते काय हे?” त्यांनी विचारले. मग मुलाकडे वळून, “आपल्या घरी तं कधी हासले नाहीत असे.”

मुलगा खाली बघत होता. मी त्या घाटाचे सांगू लागलो, थंडीचे, जीप धुवायला नदीत उतरलेल्या काकांचे. काकूंना घाटात रस नव्हता.

“तिकडं त्यायले खायाले काय भेटे?”

मी सांगितले, रोज डाळ आणि भात, भाकरीची फार आठवण काढायचे. मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.