‘हात उचलवत नाही’ : खांद्याच्या कंडरांचे विदारण, निदान व उपचार

जालना जिल्ह्यातील कष्टाची बहुतेक कामे हाताखांद्याच्या बळावर चालतात. कापसाची वेचणी, मोसंबीची तोडणी, मोंढ्यातील पोत्यांची चढउतार, पोलादाच्या कारखान्यांतील अवजड माल हलविणे, ही कामे वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाचा खांदा उतारवयात दुखू लागावा यात नवल नाही. हे दुखणे सांगताना तो ‘खांदा धरला’, ‘खांदा आखडला’, ‘हात वर जात नाही’, ‘हात उचलवत नाही’ असे निरनिराळे शब्दप्रयोग करतो. ऐकणारा पुष्कळदा या सर्वांचा अर्थ एकच धरून चालतो. वस्तुतः यांतील काही प्रयोगांत जो भेद आहे, त्याच भेदावर वैद्यकातील एक महत्त्वाचे निदान अवलंबून असते. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. यास्तव रोग्याची भाषा आणि रोगाचे निदान यांची गाठ कोठे पडते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम रचना ध्यानात घेऊ. खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि त्याला सामावणारी खोबण उथळ असते. त्यामुळे हात सर्व दिशांस फिरू शकतो. परंतु माथा खोबणीत स्थिर राखण्याचे काम हाडांकडून होत नाही. ते काम पाठीच्या फऱ्यापासून निघणारे चार स्नायू करतात : सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. त्यांची टोके, म्हणजे कंडरा, एकमेकींत मिसळून माथ्याभोवती एक वेष्टन तयार करतात. इंग्रजी परिभाषेत त्यास ‘रोटेटर कफ’ म्हणतात. तेथे ‘कफ’ म्हणजे सदऱ्याच्या बाहीची पट्टी. पण वात, पित्त, कफ या त्रयीत वाढलेल्या मराठी कानावर ‘तुमचा कफ फाटला आहे’ हे वाक्य पडले, म्हणजे रोग्यास छातीची आठवण व्हावी, खांद्याची नव्हे ! या लेखापुरते आपण त्यास ‘कंडरावेष्टन’ म्हणू. या चार कंडरांपैकी सर्वांत वरची, सुप्रास्पायनेटसची, अधिक वेळा फाटते.

आता निदानाकडे वळू. ‘हात वर जात नाही’ या वाक्यात कर्ता हात आहे. तो कोणी उचलावा याविषयी वाक्य मौन पाळते. ‘माझ्याने हात उचलवत नाही’ या वाक्यातील ‘उचलवणे’ हे शक्य क्रियापद होय. ते करणाऱ्याच्या सामर्थ्याविषयी बोलते. वैद्यही परीक्षा करताना नेमके हेच दोन प्रश्न वेगळे करतो. रोग्याने स्वतः हात उचलून पाहावा, ही पहिली परीक्षा. रोग्याने हात सैल सोडावा आणि वैद्याने तो उचलावा, ही दुसरी. दोन्ही वेळा हात अडत असेल, विशेषतः बाहेरच्या बाजूस वळत नसेल, तर सांध्याचे आवरणच आखडले असण्याचा संभव अधिक. हाच ‘फ्रोझन शोल्डर’. मधुमेह्यांत तो विशेष आढळतो. सांध्याची झीज झाली असतानाही हात असाच अडतो. ती क्ष-किरण चित्रात दिसते. याउलट दुसऱ्याने उचलला असता हात सहज वर जातो, पण स्वतःच्या बळाने उचलवत नाही, किंवा वर नेऊन सोडला असता तेथे धरून ठेववत नाही व खाली पडतो, असे असेल तर कंडरावेष्टन फाटल्याचा संशय बळावतो.

अर्थात रोगी हे शब्द व्याकरणकाराच्या काटेकोरपणाने वापरीत नाही. ‘वर जात नाही’ म्हणणाऱ्याच्या मनात ‘उचलवत नाही’ असू शकते. शिवाय केवळ वेदनेमुळेही हात उचलवत नाही. तेव्हा खांद्यात बधिरतेचे औषध टोचून, वेदना शमल्यावर दुर्बलता उरते काय, हे पाहतात. मानेतील मज्जातंतू दाबला गेला तरी हात दुर्बळ होतो. म्हणून शब्द हा पुरावा नव्हे. पुढील प्रश्न कोणता विचारावा याची ती खूण होय.

कोणतीही एक चाचणी निर्णायक नाही, हे संशोधनाने स्पष्ट झाले आहे. २००१ मध्ये मरेल व वॉल्टन यांनी ऑस्ट्रेलियातील ४०० रुग्णांच्या तेवीस चाचण्या तपासून त्यांतील तीन उपयुक्त ठरविल्या : सुप्रास्पायनेटसची दुर्बलता, हात बाहेर वळविण्यातील दुर्बलता आणि कंडरा चिमटली जात असल्याची लक्षणे. तिन्ही आढळल्यास, किंवा दोन आढळून वय साठ वा अधिक असल्यास, विदारणाची शक्यता ९८ टक्के, असा त्यांचा निष्कर्ष होता. या परीक्षांना यंत्र लागत नाही, हे ग्रामीण भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

येथे कोणी म्हणेल, की एमआरआय काढला म्हणजे संशय मिटलाच. परंतु तसे नाही. १९९५ मध्ये शेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींचे एमआरआय केले. त्यांपैकी ३४ टक्क्यांच्या कंडरांत पूर्ण वा अंशतः विदारण आढळले. साठीपुढील व्यक्तींत हे प्रमाण ५४ टक्के होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील एका खेड्याच्या पाहणीत ६६४ रहिवाशांची सोनोग्राफीने तपासणी झाली. २२ टक्क्यांच्या कंडरा पूर्ण फाटलेल्या होत्या, आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांना त्याचा काहीही त्रास नव्हता. तात्पर्य, चित्रात दिसणारे छिद्र हेच दुखण्याचे कारण, असे परीक्षेवाचून म्हणता येत नाही.

‘फाटणे’ हा शब्दच येथे दिशाभूल करतो. फाटले म्हणजे शिवले पाहिजे, हा संस्कार आपल्या मनावर घट्ट आहे. पण मराठीत दुसराही एक शब्द आहे : ‘विरणे’. नवे धोतर खिळ्यात अडकून फाटते. जुने धोतर वापराने विरते आणि मग एके दिवशी त्याला भोक पडते. कंडरांचेही असेच आहे. झाडावरून पडून किंवा जड पोते सावरताना हिसका बसून सुदृढ कंडरा फाटते, ही एक अवस्था. वयाने व कामाने ती विरत जाते, ही दुसरी. फाटलेल्याला टाका चांगला धरतो. विरलेल्याला धरेलच असे नाही. वृद्धांत शिवलेली कंडरा पुन्हा उसवण्याचे प्रमाण अधिक असते ते यामुळेच.

उपचारांची विभागणीही याच भेदावर होते. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ मध्ये कंडरा शिवण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून कोणास शिवावे हा प्रश्न चर्चिला जात आहे. २०१३ मध्ये कून व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ४५२ रुग्णांचा वृत्तान्त दिला. या सर्वांच्या कंडरा इजेवाचून पूर्ण फाटलेल्या होत्या. त्यांना ठरावीक व्यायाम दिले असता दोन वर्षांत एकचतुर्थांशाहून कमी लोकांनी शस्त्रक्रिया पत्करली. आणि ज्यांनी पत्करली त्यांपैकी बहुतेकांनी पहिल्या बारा आठवड्यांतच. उलट नॉर्वेतील मूसमायर यांच्या १०३ रुग्णांच्या तुलनात्मक प्रयोगात दहा वर्षांअखेर शस्त्रक्रियेची बाजू सरस ठरली. दोहोंत विरोध वाटला तरी व्यवहारातील निष्कर्ष सरळ आहे : विरलेल्या कंडरेस प्रथम सुमारे तीन महिने नियमाने व्यायाम द्यावा, गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा.

ताज्या इजेस मात्र हा सबुरीचा नियम लागू नाही. कंडरा तुटल्यावर तिचा स्नायू आखडून मागे सरतो, रोडावतो आणि त्यात चरबी भरू लागते. फ्रान्समधील गुटालिए यांनी १९९४ मध्ये या चरबीच्या पायऱ्या ठरवून दिल्या. ती एकदा भरली, की कंडरा शिवूनही सहसा मागे हटत नाही. म्हणून काल पडलेल्या माणसास आज हात उचलवत नसेल, तर ‘खांदा धरला आहे, चोळून बरा होईल’ म्हणून महिने घालविणे म्हणजे शिवता येण्याजोगे वस्त्र विरू देणे होय.

या निर्णयाचे मोल मजुरास दुहेरी द्यावे लागते. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे हात झोळीत आणि जड काम कित्येक महिने बंद, म्हणजे एक हंगाम बुडालाच. निष्कारण शिवण त्याची मजुरी घेते. वेळेवर न झालेली शिवण त्याचा हात घेते.

जालना येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे शिकणाऱ्यांची पाठ्यपुस्तके इंग्रजी आणि रोगी मराठी, ही स्थिती राहणारच. अशा वेळी तीन साधे मराठी प्रश्न त्यांना उपयोगी पडावेत : तुम्हांला हात उचलवतो काय ? दुसऱ्याने उचलला तर वर जातो काय ? आणि हे एकाएकी झाले, की हळूहळू ? पहिल्या दोहोंनी आखडलेला खांदा व फाटलेला खांदा यांतील भेद सुचतो. तिसऱ्याने फाटलेले व विरलेले यांतील. हे दोन्ही भेद बोलीत आधीपासून आहेत. वैद्याने ते कान देऊन ऐकावयाचे आहेत आणि हाताने पडताळून पाहावयाचे आहेत.