जास्त ताकदीची गाडी घ्यावी का?

१०० सीसीची मोटारसायकल चार-पाच वर्षं चालवली की आपल्याला ३५० सीसी खुणावू लागते. शोरूममध्ये आपण विचारतो काय? किती पळते, अ‍ॅव्हरेज किती देते. थांबते कशी, हे राहूनच जातं.

आता हिशेब बघा. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला, म्हणजे एक तृतीयांशाने वाढला. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते. त्यामुळे ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर जवळजवळ पावणेदोन पट होतं. शिवाय ब्रेककडे हात जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ८०च्या वेगात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते.

ताकद वाईट नाही. रोजचा घाट असेल, मागे माणूस आणि सामान असेल, तर मोठं इंजिन हवंच. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, हीही जमेची बाजू. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. वरचा हिशेब मात्र तोच राहतो.

म्हणून आधी आहे त्याच गाडीवर, मोकळ्या, कोरड्या डांबरी रस्त्यावर, दोन्ही ब्रेक वापरून नीट थांबायचा सराव करू. तो हातात बसला, की मग सीसीचं बोलू.