स्तनाचा कर्करोग आणि जनजागृतीची मराठी

एखाद्या रोगाविषयी लोकांना जागे करावयाचे म्हणजे प्रथम त्या रोगाविषयी त्यांच्याशी बोलावयाचे. हे बोलणे कोणत्या शब्दांत व्हावे, हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर त्याचे महत्त्व विशेष आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात ह्या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. रोग आरंभीच्या अवस्थेत सापडल्यास उपचार सुकर होतात. परंतु आपल्याकडील अनेक स्त्रिया रोग बळावल्यावरच वैद्याकडे पोहोचतात. ह्या विलंबाला दारिद्र्य, अंतर, घरातील कामाचा भार अशी अनेक कारणे आहेत. त्यांपैकी भाषेच्या कक्षेत येणाऱ्या कारणांचा येथे विचार करावयाचा आहे.

नाशिकचा गंगापूर रोड ह्या विचारासाठी चांगले उदाहरण आहे. अशोकस्तंभापासून निघणारा हा रस्ता महाविद्यालये, दवाखाने व नव्या वसाहती ओलांडून गंगापूर गावाकडे व धरणाकडे जातो. त्याच दिशेला पुढे टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गिरणारे आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर प्राध्यापिकाही आहे आणि शेतमजूर स्त्रीही आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस कोकणा व महादेव कोळी समाजांच्या बोली आहेत, तर उत्तरेस बागलाण-मालेगावकडे अहिराणी आहे. जनजागृतीचे पत्रक मात्र ह्या सर्वांसाठी बहुधा एकाच मराठीत छापले जाते.

१. रोगाचे नाव. ‘कर्करोग’ हा शब्द पाश्चात्त्य नावाचे शब्दशः भाषांतर होय. ग्रीक वैद्यांनी ह्या रोगाला खेकड्याचे नाव दिले, लॅटिनमध्ये त्याचेच भाषांतर झाले आणि आपण ‘कर्क’ ह्या संस्कृत शब्दाने तीच कल्पना उचलली. आपल्या वैद्यकातील जुना शब्द ‘अर्बुद’ हा होता. तो सुश्रुतसंहितेत आढळतो. परंतु मराठी माणूस खेकड्याला कर्क म्हणत नाही. कर्क त्याला राशींपुरताच ठाऊक असतो. बोलताना सुशिक्षित व अशिक्षित दोघेही ‘कॅन्सर’च म्हणतात. तेव्हा पत्रकात ‘कर्करोग’ लिहिण्यास हरकत नाही, पण बोलताना ‘कॅन्सर’ टाळण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

२. अवयवाचे नाव. खरी अडचण येथे आहे. ‘स्तन’ हा तत्सम शब्द ग्रंथात वावरतो. शाळेतील मुले ‘सस्तन प्राणी’ हा शब्द निःसंकोच उच्चारतात, पण त्यातील ‘स्तन’ वेगळा काढून घरात उच्चारणे कठीण जाते. ह्याच शब्दापासून प्राकृतातील ‘थण’ व मराठीतील ‘थान’ हे रूप आले. ते पुष्कळ ठिकाणी जनावरांपुरते उरले आहे. माणसाच्या बाबतीत वापरले की ग्राम्य वाटते. अशा रीतीने एक शब्द अतिशिष्ट व दुसरा ग्राम्य ठरला, आणि मधली जागा रिकामी राहिली.

ही जागा बोलणाऱ्या स्त्रिया आच्छादक शब्दांनी भरतात. त्यांतील पहिला ‘छाती’. तो सभ्य आहे, परंतु संदिग्ध आहे. ‘छातीत काहीतरी होते’ असे स्त्रीने सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात हृदय व फुप्फुसे प्रथम येतात. दुसरा शब्द ‘अंग’. ‘अंगावर पाजणे’, ‘अंगावरचे दूध’, ‘अंगावर पिणारे मूल’ ह्या प्रयोगांत अंग म्हणजे स्तनच होय. परंतु ‘अंगावरून जाणे’ ह्या प्रयोगात तोच शब्द स्त्रीच्या निराळ्याच तक्रारीकडे बोट दाखवितो. अर्थ केवळ संदर्भाने ठरतो, आणि संदर्भ स्पष्ट करावयाचा तर पुन्हा संकोच आडवा येतो.

३. ‘दुखणे’ आणि न दुखणारी गाठ. मराठीत आजाराला ‘दुखणे’ म्हणतात. ‘तो दुखण्यातून उठला’ ह्या वाक्यात वेदनेचा उल्लेख असेलच असे नाही. आजार एवढाच अर्थ आहे. भाषेने वेदना व व्याधी ह्यांना एकच नाव दिले आहे, म्हणून जे दुखत नाही ते दुखणे नव्हे असे सहज वाटते. स्तनाच्या कर्करोगाची आरंभीची गाठ मात्र बहुधा दुखत नाही. ‘गाठ आहे, पण दुखत नाही’ ह्या वाक्यातील ‘पण’ स्त्रीला दिलासा देतो. वैद्यकाच्या दृष्टीने तेथे ‘आणि’ हवा. कारण न दुखणे हे तपासणी टाळण्याचे कारण नव्हे. जनजागृतीच्या कोणत्याही मजकुरात ‘दुखत नसली तरी दाखवा’ हे वाक्य सर्वांत वर असावे.

ह्याला जोडूनच ‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार येतो. उपचाराविना आजार सोसणे हा त्याचा अर्थ. आणि त्यात काहीशी वाखाणणीची छटाही आहे. घरच्या कामात खंड न पाडता दुखणे अंगावर काढणारी स्त्री सोशीक म्हणून नावाजली जाते. ह्या रोगात मात्र अंगावर काढलेले महिने परत मिळत नाहीत.

इतर लक्षणेही परिचित शब्दांत सांगता येतात. काखेत गाठ येणे, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे. ‘स्तनाग्र’ ज्यांना कळणार नाही त्यांना ‘बोंड’ कळते. कपाशीच्या फळालाही तोच शब्द आहे. त्याबरोबरच हेही सांगितले पाहिजे की बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि क्वचित पुरुषांनाही हा रोग होतो.

४. वाक्यरचना. ‘स्त्रियांनी नियमित तपासणी करून घ्यावी’ हे विध्यर्थी वाक्य शुद्ध आहे, पण ते कोणालाच उद्देशून नाही. वाचणारी स्त्री ‘स्त्रियांनी’ ह्या समूहात स्वतःला धरीलच असे नाही. ‘ताई, गाठ लागली तर ह्याच आठवड्यात दाखवा’ ह्या वाक्यात ऐकणारी आहे, कृती आहे व मुदतही आहे. ‘लवकर निदान’ ह्या घोषणेचेही असेच. बोलण्यात ‘निदान’ म्हणजे ‘कमीत कमी’; रोग ओळखणे हा अर्थ शिकलेल्यांचा. ‘लढा’, ‘झुंज’, ‘मात’ ही युद्धाची भाषाही जपून वापरावी. ‘झुंज अपयशी ठरली’ असे म्हटले की मृत्यूचा दोष नकळत मृतावरच येतो.

५. चिन्ह. ऑक्टोबर हा जागृतीचा महिना १९८५ साली अमेरिकेत सुरू झाला आणि गुलाबी फितीचा प्रसार १९९२ पासून झाला. मराठी मनात गुलाबी रंगाला थंडीचा व प्रणयाचा संदर्भ आहे. स्त्रीच्या आयुष्याशी जोडलेला रंग म्हणावा तर तो चुड्याचा हिरवा. फीत आपल्याकडे उद्‌घाटनाला कापतात आणि काळी असली तर निषेधाला लावतात. म्हणून फितीचा अर्थ शब्दांनी सांगावा लागतो. एकटी फीत पुरत नाही.

६. माणसाकडून माणसाकडे. महाराष्ट्रातील दोन प्रयत्न येथे उद्‌बोधक आहेत. १९८७ साली बार्शी येथे ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले. नोंदणीसाठी कार्यकर्ते गावोगाव जात व लोकांना लक्षणे समजावून सांगत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे आरंभीच्या अवस्थेत येणारे रुग्ण त्या भागात वाढले. रोग निराळा असला तरी समोरासमोरच्या बोलण्याचे बळ त्यातून दिसते.

दुसरा प्रयत्न मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा. १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांचे दोन गट करून एका गटातील स्त्रियांना कर्करोगाची माहिती देण्यात आली व दर दोन वर्षांनी त्यांच्या स्तनांची हाताने तपासणी झाली. हे काम प्रशिक्षित स्त्री आरोग्यसेविकांनी केले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या गटात रोग तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. ५० वर्षांवरील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्र विचार करता घट संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही. उलट, शांघाय येथे सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात केवळ स्वतः तपासणी करण्याच्या शिक्षणाने मृत्यू घटले नाहीत, असे २००२ साली दिसून आले. बदल लक्षात येणे ही पहिली पायरी आहे. तो कोणाला तरी सांगणे व दाखविणे ही पुढची. भारत सरकारच्या २०१६ च्या आराखड्यातही ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी सुचविली आहे.

ह्या विवेचनावरून असे म्हणता येईल की ‘स्तन’ हा शब्दच पुढे ठेवावा, कारण तो निःसंदिग्ध आहे. परंतु तो प्रथम ऐकावयाचा तो फलकावरून नव्हे, तर ओळखीच्या आशाताईच्या तोंडून. शब्दाचा संकोच तो वापरल्यानेच जातो. ‘सस्तन’ म्हणणाऱ्या मुलीला ‘स्तन’ म्हणता आले, आणि तिने घरी आईला ‘दुखत नसली तरी दाखव’ एवढे सांगितले, तर जागृतीचे निम्मे काम झाले असे समजावे.